खुणेचं मेंढरू

सोलापूर,
गुरुवार, १० एप्रिल

ती. गोदावरीआत्यास इंद्रायणीचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली असल्यामुळे प्रत्यक्षात तो अर्धाच घातला आहे, उरलेला समजून घ्यावा).

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. नंदूकाकांचा रक्तदाब आटोक्यात आहे हे वाचून बरं वाटलं. लोणचं पूर्ण बंद केल्याचं ते सांगतात आणि तुम्ही बरणीवर कागदाची पट्टी चिकटवून पातळीची रेघ मारून ठेवली आहे, अशी दोन विधानं एकाच पत्रात आहेत. त्यांतलं दुसरं मी जास्त विश्वसनीय धरते. कुर्डुवाडीत तुमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, इथे चार दिवसांआड, त्यामुळे तक्रारीत तुमचा नंबर माझ्यानंतर लागेल. उन्हाळा बेचाळीस अंशांवर आहे. माझी तब्येत ठीक आहे. वजन सेहेचाळीस किलो सहाशे ग्रॅम (रविवारी सकाळी, पाणी पिण्याआधी, मेंढ्यांच्या काट्यावर, काटा मार्चमध्ये प्रमाणित करून घेतलेला आहे). जानेवारीत ते एकोणपन्नास होतं हे तुमच्या लक्षात आहेच, कारण तुमच्या पत्रात त्या आकड्याखाली दोनदा रेघ आहे.

फोनवर मी 'हो, हो' म्हणते आणि ठेवते, म्हणून तीन प्रश्नांची उत्तरं लेखी कळवावीत असा तुमचा हुकूम आहे. पंधरवड्याला एकवीस मेथीचे लाडू पोटात जाऊनही वजन का घटलं. होळीच्या आधीच्या डब्यातल्या लाडवांत काही वेगळं लागलं का. आणि पुण्याच्या नोकरीवर कधी हजर व्हायचं. शिवाय एकवीस तारखेला इथल्या कोण्या डॉक्टरकडे माझ्या थायरॉईडसाठी नंबर लावून ठेवल्याचं तुम्ही कळवलं आहे. सगळ्यांची उत्तरं देते. फक्त तुम्ही विचारलेल्या क्रमाने नाहीत, कारण घटना त्या क्रमाने घडल्या नाहीत.

आधी एक दुरुस्ती. तुम्ही सगळीकडे मला मेंढ्यांची डॉक्टर म्हणून सांगता. मी डॉक्टर नाही. मेंढ्याने शंभर ग्रॅम चारा खाल्ला तर त्यातला किती त्याच्या अंगी लागला आणि किती नुसताच आरपार गेला, हे मी मोजते. एवढंच. याच्यावर पदव्युत्तर पदवी मिळते यावर काकांचा अजून विश्वास नाही, हे मला ठाऊक आहे. मोजायच्या दोन रीती आहेत. पहिली सरळ आहे: काय खाल्लं ते तोलायचं, लेंड्या एकूण एक गोळा करून त्याही तोलायच्या, वजाबाकी करायची. दुसरी आळशी माणसाने शोधल्यासारखी वाटते, पण हुशार आहे. चाऱ्याबरोबर अशी एक वस्तू रोज ठरावीक मापाने पोटात घालायची की जी पचत नाही, शोषली जात नाही, वाटेत रेंगाळत नाही, जशी गेली तशी बाहेर येते. तिला मार्कर म्हणतात. मग सगळ्या लेंड्या गोळा करायची गरज नाही, चिमूटभर नमुना पुरतो. त्यात मार्कर किती दाट झालाय त्यावरून मधल्या मध्ये चारा किती कमी झाला याचा हिशेब लागतो. माझा मार्कर क्रोमिक ऑक्साईड. शाळेच्या दारा-खिडक्यांना लावतात तसला गडद हिरवा रंग. मी तो एक-एक ग्रॅम जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरला. सहा मेंढे, दिवसाला दोन कॅप्सूल, सतरा दिवस, म्हणजे दोनशे चार. फुटतुटीला तीस जास्तीच्या. (हा तीसचा आकडा लक्षात ठेवावा.)

दोन रीतींचा ताळा घ्यायचा असल्यामुळे लेंड्याही पूर्ण गोळा करणं आलं, आणि त्यासाठी मेंढ्याच्या मागे पिशवी बांधावी लागते. तयार पिशव्या महाग असतात आणि परदेशी मेंढ्यांच्या बेताच्या असतात. आमचा दख्खनी मेंढा त्यात दोनदा मावतो. म्हणून मी पूर्वभागात सुंदरम्मांकडे गेले. त्या शाळेची दप्तरं शिवतात. मी मापं सेंटिमीटरमध्ये लिहून दिली, चित्र काढून दिलं, कापड जाड हवं म्हणून बजावलं. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "पोरगं कितवीत हाय?" मी म्हटलं, मुलासाठी नाही, मेंढ्यासाठी हवंय. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आत कोणाशी तरी तेलुगूत दोन वाक्यं बोलल्या, आणि पुढचे प्रश्न विचारले नाहीत. आठ दिवसांनी सहा पिशव्या मिळाल्या. शिवण उत्तम, मापं अचूक, आणि प्रत्येकीला एका बाजूला पाण्याच्या बाटलीचा कप्पा, वर नाव-इयत्ता-तुकडी लिहायची पारदर्शक खिडकी. कप्पे मी तसेच ठेवले. खिडक्यांत मेंढ्यांचे नंबर घातले.

आता मायाप्पा. अकरा वर्षं आमच्या मेंढी संशोधन केंद्रात रोजंदारीवर मेंढ्या पाहतात. अक्कलकोटच्या पलीकडच्या एका वाडीचे, घरचे पिढीजात मेंढपाळ. मेंढ्यांशी कानडीत बोलतात, माझ्याशी मराठीत, आणि आमच्या हिरेमठ सरांशी बोलतच नाहीत, फक्त उभे राहतात. (डॉ. मृत्युंजय हिरेमठ म्हणजे माझे मार्गदर्शक. प्रामाणिक गृहस्थ आहेत. लाल पेन वापरतात.) अकरा वर्षांत मायाप्पांना कायम करण्याची फाईल चार वेळा वर गेली आणि चार वेळा काही ना काही त्रुटी लागून परत आली. यंदा ती पहिल्यांदाच सहीच्या टेबलापर्यंत पोहोचली आहे. 'कामाबाबत शेरा' अशी तिच्यात एक जागा आहे आणि ती अद्याप कोरी आहे. हे सगळं मला त्यांनी सांगितलेलं नाही, त्यांच्या बायकोने, नागव्वाने सांगितलं. स्वतः मायाप्पा याविषयी एकच वाक्य बोलतात: "हुईल तवा हुईल की."

प्रयोग चोवीस फेब्रुवारीला सुरू झाला आणि बारा मार्चला संपला. सतरा दिवस सकाळी आठ व दुपारी चार या वेळेला मी स्वतः कॅप्सूल दिल्या. मायाप्पांनी मेंढा धरायचा, मी नळीने कॅप्सूल घशात सोडायची. एकही फुटली नाही, एकही मेंढ्याने थुंकली नाही. जास्तीच्या तीस कॅप्सूलचा डबा मी शेडच्या कपाटात पट्टी लावून ठेवला होता तो उघडावाच लागला नाही, याचा मला त्या वेळी थोडा अभिमान वाटला. (नमूद करून ठेवते.) त्यानंतर पंधरा दिवस लेंड्या वाळवणं, दळणं, जाळणं, मोजणं. आमच्या प्रयोगशाळेच्या ओव्हनशेजारी पूर्वी सगळे चहाला बसत. आता बसत नाहीत.

निकाल आले तेव्हा सर फार खूश झाले. तुरीच्या भुशावर ठेवलेल्या तीन मेंढ्यांपैकी नंबर तीन आणि नंबर पाच यांची पचनीयता मार्करच्या रीतीने एकाहत्तर टक्के निघाली. तुरीचा भुसा एकाहत्तर टक्के पचत नाही. तुरीचा भुसा हा तुरीचा भुसा आहे. पण सरांनी बारा वर्षं त्या भुशाची बाजू घेतली आहे, आणि आपण ज्याची बाजू घेतो त्याने अचानक पहिला नंबर काढला तर माणूस पेपर पुन्हा तपासायला सांगत नाही. तो मी तपासला. पिशव्यांच्या रीतीने तेच दोन मेंढे अठ्ठावन्न टक्के दाखवत होते. मग मी जेवढा मार्कर आत घातला त्यातला किती बाहेर आला ते काढलं. चार मेंढ्यांचं उत्तर सत्त्याण्णवच्या आसपास, म्हणजे जसं हवं तसं. नंबर तीनचं एकशे पंचेचाळीस पूर्णांक एक. नंबर पाचचं एकशे सेहेचाळीस पूर्णांक तीन.

आत्या, शंभर आत घातले तर एकशे पंचेचाळीस बाहेर येत नाहीत. मी तीन वेळा मोजलं. यंत्र बदलून मोजलं. सर म्हणाले, मिस, हे अज्ञात कारण म्हणून लिहिता येणार नाही. दोन मेंढे वगळले तर त्या गटात एकच उरतो आणि एका मेंढ्यावर कोणी पदवी देत नाही. तेव्हा कारण शोधा, पूर्ण लिहून द्या, नाहीतर मला कार्यालयाकडून चौकशी लावावी लागेल. चौकशी म्हणजे शेडमध्ये कोण-कोण जात होतं याची यादी. त्या यादीत दोनच नावं असणार होती, आणि त्यातल्या एकाची फाईल सहीच्या टेबलावर होती.

मी एकशे पंचेचाळीसला दीडने भागलं. शहाण्णव पूर्णांक सात आलं. एकशे सेहेचाळीसला भागलं. सत्त्याण्णव पूर्णांक पाच. म्हणजे या दोन मेंढ्यांना दोनाऐवजी रोज तीन कॅप्सूल मिळत होत्या. एखाद्या दिवशी चार आणि एखाद्या दिवशी दोन असं नाही. रोज तीन. घातपात करणारा माणूस इतका नियमित नसतो. इतका नियमित फक्त औषध देणारा माणूस असतो. (तुम्ही सत्तावीस वर्षं रेल्वेच्या दवाखान्यात परिचारिका होतात, गोळी खरंच गिळली का ते रोग्याच्या जिभेखाली पाहत होतात, तुम्हांला हे माझ्याआधी सुचलं असतं.) मी शेडमध्ये जाऊन कपाटातला डबा काढला. पट्टी जागच्या जागी होती. डबा रिकामा होता.

मायाप्पा लिंबाखाली बसून कातरणीला धार लावत होते. मी विचारलं, यातल्या कॅप्सूल कुठे गेल्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "तिनाला आन पाचाला दिल्या की."

"का?"

"लई उतरली व्हती दोगं. बाकीची हाईत की धडधाकट, त्यास्नी कशाला औषिध?"

मी म्हटलं, ते औषध नव्हतं. ते माझ्याकडे पाहून हसले, आजाऱ्यासमोर डॉक्टर खरं बोलत नाही हे आपल्याला समजतं अशा बेताने. मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. तिसऱ्या दिवशी लेंड्या हिरव्या दिसायला लागल्या. म्हणजे मी दिलेलं औषध जसंच्या तसं बाहेर पडत होतं, अंगी लागतच नव्हतं. मी एवढ्या कष्टाने दोनदा देतेय आणि सगळं वाया जातंय. शिकलेल्या पोरीला तोंडावर सांगायचं कसं, म्हणून त्यांनी आपल्या परीने डोस वाढवला: रोज दुपारी दोघांना एक-एक, गोड गोळ्यात लपवून. तिसऱ्या दिवसापासून सतराव्यापर्यंत. दोन मेंढे, पंधरा दिवस, तीस.

"चोरून न्हाय दिल्या, म्याडम," ते म्हणाले. "तुमी जेवाय गेला की द्यायचो."

"आणि डब्याला पट्टी परत का लावलीत?"

"मुंग्या लागत्यात."

आत्या, माझ्या प्रयोगाचा सगळा आधार असा की ही वस्तू जशी आत जाते तशी बाहेर येते. तो तिचा गुण. मायाप्पांनी पंधरा दिवस तोच गुण डोळ्यांनी पाहिला, बरोबर टिपला, आणि त्यावरून औषध कुचकामी आहे असा निष्कर्ष काढला. त्यांच्या जागी बसून विचार केला तर निष्कर्षात खोट काढता येत नाही. शेडच्या भिंतीवर प्रयोगाची माहिती लावलेली आहे, लॅमिनेट करून. इंग्रजीत. मायाप्पांना तिच्यातला एकच शब्द कळतो, तो म्हणजे मेंढीचं चित्र.

मी त्यांच्याशेजारी बसले आणि मार्कर म्हणजे काय ते सांगायला लागले. आमच्या वर्गात हे पंचेचाळीस मिनिटं चालतं आणि शेवटी सूत्र पाठ करायचं असतं. दुसऱ्याच मिनिटाला त्यांनी मला हाताने थांबवलं.

"थांबा जरा. म्हंजे चाऱ्याच्या कळपात तुमी खुणंचं मेंढरू सोडलं."

कळपातल्या काही मेंढरांच्या पाठीवर गेरूची खूण करतात, तुम्ही पाहिली असेल. मी म्हटलं, हो, तसंच.

"शंबर मेंढरं रानात सोडली, त्यातली धा खुणंची. पल्याड निघाली तवा धा खुणंची हाईत, आन तीसच बिनखुणंची. म्हंजे साठ लांडग्यानं खाल्ली."

"साठ टक्के पचनीयता."

"खुणंच्याला लांडगा तोंड लावत न्हाय व्हय?"

"नाही."

"लई शाना लांडगा," ते म्हणाले, आणि पुन्हा कातरणीला धार लावायला लागले. मग हात थांबला. "म्हंजे मी मधनंच पाच खुणंची आनखी आत सोडली. रोज."

"हो."

"मग तुमचं समदं गणितच..."

"हो."

ते उठले, नंबर पाचच्या पाठीवरून हात फिरवला, त्याच्याशी कानडीत काहीतरी बोलले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सायबाला माजं नाव सांगा. खोटं नगा बोलू. फाईलीचं काय, ती जाती आन येती."

मी खोटं बोलत नाही, हे तुम्हांला माहीत आहे. तुम्ही यालाच माझा कोरडेपणा म्हणता. मी त्याच दुपारी सरांना लेखी खुलासा दिला. त्यातलं मुख्य वाक्य असं: 'मेंढा क्र. ३ व ५ यांस जादा कॅप्सूल दिल्या गेल्या, कारण मार्करचा उद्देश निगा राखणाऱ्यास त्याच्या भाषेत समजावून सांगण्याचं काम संशोधिकेने केलं नव्हतं.' हा त्याग वगैरे नाही. कुर्डुवाडीत तसं कोणाला सांगू नये. ते वाक्य शब्दशः खरं आहे, माझ्या वहीत 'सूचना दिल्या' अशी नोंद कुठेही नाही, म्हणून लिहिलं. सरांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "मिस, म्हणजे चूक तुमची." मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं, "आणि देणारा?" मी म्हटलं, देणाऱ्याने निरीक्षण अचूक केलं आणि रोज वेळेवर काम केलं; शेरा लिहायचा असेल तर तो तसा लिहावा लागेल. सरांनी खुलासा पुन्हा समोर ओढला. मग त्यांनी त्या वाक्याखाली बारीकशी बरोबरची खूण केली, लाल पेनाने.

प्रयोग पुन्हा करायचा आहे, सोमवारपासून, पूर्ण सतरा दिवस. प्रबंध पुढच्या फेरीत जाईल. (पुण्याची जागा थांबणार नव्हती. मी त्यांना काल कळवलं, त्यांनी आज दुसऱ्या उमेदवाराला बोलावलं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे. त्यावर अधिक लिहिण्यासारखं नाही.) भिंतीवर नवा तक्ता लावला आहे, मराठीत. मजकूर मायाप्पांनी सांगितला, मी लिहिला: 'हे औषध नाही. हे खुणेचं मेंढरू आहे. मोजून सोडलंय, मोजून परत येणार.' प्रबंधातही तीच व्याख्या वापरायची माझी इच्छा आहे, पण लिंबाखाली मिळालेला संदर्भ सूचीत कसा द्यावा याचा नियम मला अजून सापडलेला नाही.

काकांना नमस्कार सांगावा. बरणीवरची रेघ त्यांना दिसणार नाही अशा बाजूला मारावी, नाहीतर ते लोणचं खाऊन वर तेल ओततील आणि पातळी तीच राहील.

इथला उकाडा आणि माझी कंबर सोडली तर सर्व ठीक, हे मान्य करून घ्यावं,

तुमची,
इंद्रायणी

ता. क. १ – एकवीस तारखेचा डॉक्टरचा नंबर रद्द करावा. मला थायरॉईड नाही. वजन घटण्याचं कारण असं की मी लाडू खाल्ले नाहीत. जानेवारीपासून चार डबे आले, एकूण चौऱ्याऐंशी लाडू. मी तीन खाल्ले. मला मेथी आवडत नाही. हे सव्वीस वर्षांत सांगितलं नाही, कारण विचारलं गेलं नाही, आणि दर वेळी रिकामा डबा परत गेल्यावर तुमचा आवाज फोनवर बरा लागायचा. डबे मी मायाप्पांना देत होते. पासष्ट लाडू त्यांनी आणि नागव्वाने खाल्ले. त्यांचा उजवा गुडघा आता पूर्ण वाकतो, ही माहिती तुमच्या उपयोगाची असेल.

ता. क. २ – उरले सोळा. वर मी 'गोड गोळ्यात लपवून' असं लिहिलं आहे. तो गोड गोळा म्हणजे तुमचा लाडू. रोज एक फोडून अर्धा-अर्धा, पंधरा दिवस. सोळावा लाडू मायाप्पांनी फोडून चाखला तर खारट लागला. मेंढराला मीठ आवडतं म्हणून त्यांनी तो अख्खा नंबर पाचला दिला. "लई चाटून खाल्ला," म्हणाले. तो तुम्ही मुद्दाम घातला होता, आणि मी त्यावर 'सर्व लाडू उत्तम होते' असा मेसेज केला, आणि होळीनंतर डबा आला नाही, या तीन गोष्टींचा संबंध मला काल दुपारी लागला. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे महिनाभर होतं. पद्धत निर्दोष आहे. (या काळात नंबर तीनचं वजन दोन किलो चारशे ग्रॅमने वाढलं. माझं तेवढंच घटलं. यावरून काही सिद्ध होत नाही.)

ता. क. ३ – पत्र लिहिण्याचं खरं कारण. खुलाशात मी 'जादा कॅप्सूल व इतर गोड खाद्य' असं लिहिलं होतं. सरांनी 'इतर गोड खाद्य' याला लाल गोल केला आहे आणि समासात 'घटक? प्रमाण?' असं लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं, याशिवाय खुलासा पूर्ण होत नाही, तो पूर्ण झाल्याशिवाय ते मिटवणार नाहीत, आणि तो मिटल्याशिवाय मायाप्पांच्या फाईलीतली शेऱ्याची जागा भरणार नाहीत. फाईल बुधवारी सहीला आहे. तेव्हा मेथी, कणीक, डिंक, गूळ, तूप, खारीक हे सगळं ग्रॅममध्ये हवं, आणि त्या एका लाडवात मीठ किती तेही. मूठ, चिमूट आणि अंदाज ही मापं सर स्वीकारत नाहीत. ही कृती तुम्ही सख्ख्या जावेलाही सांगितलेली नाही याची मला कल्पना आहे. पत्राने उशीर होईल. फोन केलात तरी चालेल. मी ठेवणार नाही.

ता. क. ४ – जमल्यास काकांबरोबर सोमवारच्या सकाळच्या गाडीने दोन लाडू पाठवावेत, बिनमिठाचे, वेगळ्या पुडीत, वर खूण करून. एक नमुना म्हणून प्रयोगशाळेत जाईल. दुसरा मी खाईन. नंतर जिभेखाली पाहायचं कसं, ते मी मायाप्पांना शिकवून ठेवलं आहे.